शून्याच्या रकान्यातील कंद

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना प्रत्येक देशाचा अन्न ताळेबंद तयार करते. या तक्त्यांत एक ओळ अशी आहे की जिच्याकडे सहसा कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. ती ओळ भारतात कसाव्यापासून दरडोई दररोज मिळणाऱ्या स्निग्धांशाची. सेवेत असताना माझ्यासमोर आहारविषयक एका टिपणाचा मसुदा आला होता. त्यातील कंदमुळांच्या ओळी मी स्वतःच्या लाल शाईने 'इतर' या सदरात ढकलल्या. अपूर्णांक नगण्य होते आणि पान भरत आले होते. इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला आपण एक साधन नष्ट करत आहोत हे तेव्हा सुचायला हवे होते, सुचले नाही.

तो अपूर्णांक किती, हे वाचकाला घरबसल्या काढता येईल. १९७०च्या दशकाच्या मध्यास देशात सुमारे ६० लाख टन कसावा पिकत होता आणि लोकसंख्या सुमारे ६० कोटी होती. म्हणजे माणशी वर्षाला १० किलो, दिवसाला २७ ग्रॅम. ताज्या कंदात स्निग्धांश अवघा ०.३ टक्के. सारे पीक खाल्ले गेले असे धरले तरी हिशेब माणशी ०.०८ ग्रॅमवर थांबतो. १९६०च्या दशकारंभी उत्पादन जेमतेम २० लाख टन होते, त्यामुळे तेव्हाचा आकडा याच्या निम्म्याहून कमी. नंतरच्या काळात लोकसंख्या दुपटीहून अधिक वाढली, उत्पादन मात्र त्याच घरात रेंगाळले, आणि त्यातलाही मोठा वाटा स्टार्चच्या कारखान्यांकडे वळला. आलेख आधी चढतो आणि मग उतरतो. पण चढतो तोही शून्याच्या अंगणातच. याच कालखंडात सर्व पदार्थांचा मिळून दरडोई स्निग्धांश ३० ग्रॅमच्या आसपासून ५०च्या पुढे गेला, तो मुख्यतः खाद्यतेलांमुळे. त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग आपण परदेशातून आणतो.

मग या ओळीत पाहण्यासारखे काय उरते? उत्तर दिल्लीत सापडत नाही, त्यासाठी त्रावणकोरात जावे लागते.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांच्या हस्ते तो मलबार किनाऱ्यावर आला. परंतु त्याला राजाश्रय मिळाला तो १८८० ते १८८५ या अल्पकाळ गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांचा. भाताला पाणथळ जमीन लागते. हा कंद टेकडीच्या उतारावर, हलक्या मातीत, फारशी निगा न राखता वाढतो. त्रावणकोर आपल्या तांदळाचा मोठा भाग बाहेरून आणत असे, त्यातही ब्रह्मदेशातून. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानी सैन्याच्या हाती पडले आणि तांदळाची ती वाट बंद झाली. त्यानंतरच्या वर्षांत असंख्य कुटुंबांच्या ताटात भाताच्या जागी उकडलेला 'कप्पा' आला. गरिबाचे अन्न म्हणून त्याची हेटाळणी झाली, पण उपाशी ठेवले नाही तेही त्यानेच.

कोट्टयम जिल्ह्यातील एका घरी मी प्रथम कप्पा खाल्ला. घरातील वृद्ध अम्माने तो उकळून पहिले पाणी फेकले, पुन्हा उकळले आणि तेही पाणी फेकले. कंदातील सायनाइड जनक द्रव्ये अशी निघून जातात, हे शास्त्र तिने पुस्तकातून शिकलेले नव्हते. मग छोटे कांदे आणि कांतारी मिरची ठेचून तिने त्यावर कच्चे खोबरेल ओतले. शेजारी आंबट, लालभडक मीनकरी. अर्धा किलो कंदातून सुमारे ८०० उष्मांक मिळतात, पण स्निग्धांश दीड ग्रॅम. खोबरेलाचा एक चमचा त्याच्या तिप्पट स्निग्धांश देतो. कंद पोट भरतो. स्निग्धांश नारळ देतो आणि प्रथिने मासळी. ताळेबंदात या तिन्हींच्या ओळी वेगवेगळ्या पानांवर असतात. ताटातले त्यांचे नाते तेथे नोंदवले जात नाही, आणि कसाव्याचे शून्य वाचताना दिशाभूल होते ती येथे.

ही दिशाभूल निव्वळ तांत्रिक नव्हती. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतीय दारिद्र्यावरील गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. २,२५० उष्मांकांच्या मापाने मोजताना केरळच्या ग्रामीण भागाचे चित्र देशात सर्वांत विदारक उमटले. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने संयुक्त राष्ट्रांसाठी केलेल्या आणि १९७५ मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासात याला हरकत घेतली गेली. परसातला कसावा आणि नारळ पाहण्यांच्या जाळीतून निसटतात, आणि कसाव्यामुळे तेथे उष्मांक स्वस्त पडतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. दांडेकर-रथ यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. दारिद्र्याला मोजपट्टी लावण्याचे धाडस त्यांनी केले. तरीही या वादात माझे मत तिरुवनंतपुरमच्या बाजूने पडते. अर्थात तेवढ्याने केरळ सुपोषित ठरत नाही. ज्या घरी मासळी किंवा नारळ परवडत नव्हता, तेथे कप्पा म्हणजे नुसता पिठूळपणा, आणि त्या घरांचा प्रश्न उष्मांकांच्या बेरजेने सुटलेला नव्हता.

पुढे शिधावाटप दुकानांचा तांदूळ आला, मजुरी वाढली, उतारांवर रबर चढले. केरळात एकेकाळी तीन लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र कसाव्याखाली होते. आज ते एक लाखाच्याही खाली आहे. तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था १९६३पासून नवे वाण देते आहे, पण जमीनच हातची गेली तर वाण काय करणार? गंमत अशी की ज्या कप्प्याची लाज वाटे, तो आता महागड्या उपाहारगृहांत मासळीसोबत मानाने वाढला जातो.

पिकाचे औद्योगिक केंद्र आता तमिळनाडूतील सेलम परिसर आहे. खरा साबुदाणा ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून बनतो आणि तो मलायाकडून येई. दुसऱ्या महायुद्धात ती आयात तुटल्यावर सेलमला कसाव्याच्या सत्त्वापासून दाणे करण्याचा उद्योग उभा राहिला. १९८१ मध्ये उत्पादकांची 'सॅगोसर्व्ह' ही सहकारी संस्था स्थापन झाली. आषाढी, श्रावण आणि नवरात्रात महाराष्ट्राच्या घराघरांत जी खिचडी शिजते, तिचे पांढरे मोती बहुतांशी तेथलेच. त्या दाण्यांत स्निग्धांश जवळजवळ नसतोच. खिचडीला तो देतात शेंगदाण्याचे कूट आणि तूप, आणि ताळेबंदात त्याची नोंद भुईमूग व दुग्धजन्य पदार्थांच्या खाती पडते. उपवासाच्या दिवशी महाराष्ट्र किती तेलतूप खातो, हे कसाव्याच्या ओळीवरून कधीही कळणार नाही.

सरासरी काढताना १४० कोटींनी भागले की केरळचा डोंगरउतार आणि बिहारचे मैदान एकाच अपूर्णांकात विरघळतात. कसावा न खाणारी कोट्यवधी माणसे त्या आकड्याची भाजक होतात, खाणारी थोडकी माणसे भाज्य. घरगुती उपभोगाच्या पाहणीत परसातील कंद, त्यासोबतचे तेल आणि मासळी एकाच कुटुंबाच्या नावे एकत्र वाचता येतात. जिल्हा पातळीवर असे तक्ते छापायला फार खर्च येणार नाही. माझ्या त्या टिपणात मी खोडलेल्या ओळींखाली केरळ आणि तमिळनाडूची वेगळी आकडेवारी जोडलेली होती. कनिष्ठ अधिकाऱ्याने ती परिश्रमाने जमवली होती. अंतिम प्रतीत ती गेली नाही, आणि तिची दुसरी प्रत कोणी ठेवली होती का, हे विचारायला मी निवृत्तीनंतर गेलो तेव्हा ते दप्तर निकाली काढून झाले होते.