मापकांनाच दिपवणारा स्फोट

रविवार, ९ ऑक्टोबर २०२२. कोजागरी पौर्णिमेची संध्याकाळ. महाराष्ट्रात ठिकठिकाणी गच्चीवर दूध आटवण्याची तयारी चालू होती. त्याच सुमारास, भारतीय वेळेनुसार ६ वाजून ४७ मिनिटांनी, एका दूरच्या दीर्घिकेतून निघालेले गॅमा किरण पृथ्वीवर येऊन धडकू लागले. ज्या दिशेने ते आले ती दिशा त्या वेळी मुंबईच्या जवळजवळ माथ्यावर होती. खाली कोणाला काहीच जाणवले नाही, कारण पृथ्वीचे वातावरण गॅमा किरणांना जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. वर अवकाशात मात्र उपग्रहांवरील उपकरणांची त्रेधा उडाली. ‘जीआरबी २२१००९ए’ या नावाने नोंदला गेलेला हा स्फोट आजवर पाहिलेल्या गॅमा किरण स्फोटांमध्ये सर्वाधिक तेजस्वी ठरला. तो इतका प्रखर होता, की अशा स्फोटांच्या मापनासाठीच पाठवलेली बहुतेक उपकरणे ऐन मोक्याच्या क्षणी दिपून गेली.

अशा स्फोटांचा शोध मुळात हेरगिरीच्या ओघात लागला. १९६३ च्या करारानुसार अवकाशात अणुचाचण्या करण्यास बंदी आली. तिचे पालन होते आहे की नाही, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला, पण त्याचे स्वरूप अणुस्फोटासारखे नव्हते. पुढे असे आणखी झोत सापडले. ते वेगवेगळ्या उपग्रहांवर किती अंतराने पोहोचले, यावरून त्यांचा उगम पृथ्वी किंवा सूर्य नाही, हे सिद्ध झाले आणि १९७३ मध्ये हा शोध जाहीर झाला. दोन सेकंदांहून अधिक काळ टिकणारे बहुतेक स्फोट महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर जन्मताना होतात, असे आज मानले जाते. त्या वेळी प्रकाशाच्या जवळपास वेगाने दोन विरुद्ध दिशांना झोत बाहेर पडतात. त्यांपैकी एक नेमका आपल्या रोखाने असेल तरच स्फोट आपल्याला दिसतो.

नेहमीच्या भिंगांनी किंवा आरशांनी गॅमा किरण एकत्र आणता येत नाहीत. त्यामुळे ते कोठून आले हे ओळखण्यासाठी निराळ्या युक्त्या योजाव्या लागतात. २००८ मध्ये सोडलेल्या ‘फर्मी’ उपग्रहावर सोडियम आयोडाइडचे बारा स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेले आहेत. डोळे मिटून उन्हात उभे राहिले, तरी कोणता गाल अधिक तापतो यावरून सूर्याची दिशा कळते. तसेच कोणत्या स्फटिकाला किती किरण मिळाले यावरून स्फोटाची दिशा काढतात. हे उत्तर ढोबळच असते. २००४ चा ‘स्विफ्ट’ उपग्रह अधिक काटेकोर आहे. त्याच्या शोधकांवर शिशाच्या सुमारे ५२ हजार लहान फरशांची जाळी आहे. किरणांमुळे तिची जी सावली पडते, तिच्या नक्षीवरून स्फोटाचे स्थान अंशाच्या काही साठांश भागांइतके अचूक मिळते.

खरी अडचण मोजणीत येते. गॅमा किरणाचा एकेक कण स्फटिकात शिरला की क्षीण चमक उठते आणि तिच्या तीव्रतेवरून कणाची ऊर्जा कळते. ‘फर्मी’च्या यंत्रणेला एका कणाची नोंद घेण्यास सुमारे २.६ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात दुसरा कण आला, तर एकतर तो मोजला जात नाही, किंवा दोन्ही चमका मिसळून अधिक ऊर्जेचा एकच कण आल्याचा भास होतो. म्हणजे संख्याही चुकते आणि ऊर्जाही.

त्या संध्याकाळी नेमके हेच झाले. ‘फर्मी’ने आधी एक साधारण स्पंद टिपला. मग तीन मिनिटे बरीच शांतता होती आणि त्यानंतर मुख्य स्फोटाचा असा भडिमार सुरू झाला, की जवळपास मिनिटभराच्या नोंदी जशाच्या तशा वापरणे अशक्य झाले. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या ‘विंड’ यानावरील ‘कोनुस’ उपकरणाचीही तीच गत झाली. ‘स्विफ्ट’ तर तेव्हा पृथ्वीच्या आडच होता. सुमारे ५३ मिनिटांनी त्याला स्फोटाचा उत्तरप्रकाश दिसला. मात्र ती जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ, शर तारकासमूहात असल्याने हा आपल्याच आकाशगंगेतील एखादा क्ष-किरण स्रोत असावा, असा प्रथम समज झाला. दोन्ही नोंदी एकाच घटनेच्या आहेत, हे काही तासांनी उमगले.

स्फोटाचे माथ्यावरचे माप मिळाले ते तुलनेने लहान साधनांकडून. त्याच वर्षी जुलैत सोडलेले चीनचे ‘जीकॅम-सी’ उपकरण त्या वेळी उच्च अक्षांशावरील भारित कणांच्या प्रदेशासाठी आखलेल्या विशेष कार्यपद्धतीत चालू होते आणि त्यामुळे ते दिपले नाही. ‘जीआरबीअल्फा’ हा हंगेरी, चेकिया व स्लोव्हाकियाच्या शास्त्रज्ञांचा उपग्रह म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा! त्याचा शोधक इतका लहान, की त्यावर कणही कमी पडले आणि मोजणी शाबूत राहिली. एरवी जी उणीव ठरली असती, तीच येथे कामी आली.

मुख्य स्फोटातील कमी ऊर्जेचे क्ष-किरण तर कोणत्याच उपग्रहाने थेट मोजले नव्हते. त्यांचा हिशेब धुळीने दिला. आकाशगंगेतील धुळीच्या ढगांवर आदळून विखुरलेले किरण थोडा लांबचा मार्ग घेऊन उशिरा पोहोचले आणि आकाशात त्यांची वलये दिसू लागली. युरोपच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’ दुर्बिणीने अशी वीस वलये टिपली. त्यांच्या तेजावरून मूळ झोताची तीव्रता मागाहून काढता आली.

चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने घेतलेल्या वर्णपटावरून हे किरण सुमारे १.९ अब्ज वर्षे प्रवास करून आल्याचे कळले. स्फोट सर्व दिशांना सारखाच पसरला असे धरले, तर त्याची ऊर्जा सात-आठ सूर्यांच्या संपूर्ण वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर झाल्यावर मिळेल तेवढी भरते. पण हे गृहीतक खरे नाही. चीनच्या सिचुआन प्रांतात ४,४१० मीटर उंचीवर ‘लासो’ वेधशाळा आहे. अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण वातावरणात शिरताना कणांचे जे फवारे उडतात, ते ती टिपते. पहिल्या ३,००० सेकंदांत तिने अशा ६४ हजारांहून अधिक किरणांची नोंद केली. त्यांचे तेज सुमारे अकरा मिनिटांनी एकाएकी वेगाने उतरू लागले. त्यावरून झोताच्या शंकूचा अर्धकोन अवघा ०.८ अंश निघाला. तेवढ्या अरुंद शंकूचा हिशेब केला, की ऊर्जेचा आकडा सुमारे दहा हजारपट खाली येतो.

जमिनीवर कोणाला काही जाणवले नसले, तरी पृथ्वी अगदीच अलिप्त राहिली नव्हती. भारतातील वीज नोंदवणारी उपकरणे चाळवली, जर्मनीतील उपकरणांना आयनांबरात कित्येक तास खळबळ आढळली आणि सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरील एका चिनी उपग्रहाने तेथील विद्युतक्षेत्रात बदल टिपला. इतका तेजस्वी स्फोट दहा हजार वर्षांत एखादाच पृथ्वीच्या वाट्याला येतो, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

स्फोटानंतर सुमारे सहा महिन्यांनी ‘जेम्स वेब’ दुर्बीण त्या जागी वळवण्यात आली. तेथे अतिनवताऱ्याच्या खुणा सापडल्या, पण तो इतर स्फोटांसोबत दिसलेल्या अतिनवताऱ्यांहून विशेष तेजस्वी नव्हता. सोने, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये अशा स्फोटांत तयार होत असावीत, अशी अपेक्षा होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचा मागमूस तेथे आढळला नाही.