परसातील कोंबड्यांची दिनचर्या

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. येथील हवा सौम्य आहे, आणि जुन्या वस्त्यांतील काही घरांमागे अजून थोडीबहुत मोकळी जागा उरली आहे. अशा परसात चारपाच कोंबड्या हौसेने पाळता येतात. मात्र पाळणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच ध्यानी घेतली पाहिजे. ती ही की, कोंबडी आपले दुखणे होता होईल तो लपविते.

यामागे कारण आहे. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लिफ शेल्डरूप-एब्बे यांनी कोंबड्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केले व १९२१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कळपात कोणी कोणास टोचावे याचा क्रम ठरलेला असतो, असे त्यांना आढळले. वरच्या पायरीवरील कोंबडी प्रथम दाणे टिपते. खालच्या पायरीवरील कोंबडीने बाजूस व्हावयाचे असते. जी दुर्बळ दिसते तिचे स्थान जाते आणि तिला इतरांच्या चोची खाव्या लागतात. शिवाय मांजर, मुंगूस यांसारखे शत्रू दुबळ्या पक्ष्यावरच नेमकी झडप घालतात. म्हणून आजारी कोंबडीही शक्य तोवर निरोगी असल्यासारखी वावरते. तेव्हा तिची प्रकृती ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे तिची नित्याची दिनचर्या होय.

सकाळी खुराड्याचे दार उघडताच निरोगी कोंबडी लगबगीने दाण्यापाण्याकडे धावते. जी मागे रेंगाळते, पिसे फुलवून व मान आखडून उभी राहते, तिच्याकडे त्याच क्षणी लक्ष द्यावे. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते, आणि ते टिकविणे कठीण होऊ लागले की ती पिसे फुलविते.

अंड्यासाठी कोंबड्याची गरज नसते; पिल्ले हवी असतील तरच तो लागतो. एक अंडे तयार होण्यास २४ ते २६ तास लागतात. त्यामुळे अंडे घालण्याची वेळ दररोज थोडी पुढे सरकते आणि मधूनच एक दिवस रिकामा जातो. असा खाडा हे आजाराचे लक्षण नव्हे. उत्तर युरोपात हिवाळ्याचे दिवस फार लहान असतात, म्हणून तेथे कृत्रिम प्रकाशावाचून अंडी बहुधा थांबतात. बंगळुरात मात्र सर्वांत लहान दिवसही अकरा तासांहून मोठा असल्याने हा फरक तितका जाणवत नाही. कवच तयार होण्यास सुमारे २० तास लागतात, आणि त्यांपैकी बराच काळ रात्रीचा असतो. आहारातील चुना अपुरा पडल्यास कोंबडी तो आपल्या हाडांतून काढून घेते. कवच पातळ होऊ लागले, तर ती आपल्या हाडांचा साठा खर्च करीत आहे, असा संशय घ्यावा. यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात सदैव ठेवावा.

दुपारी कोंबड्या कोरड्या मातीत लोळतात. हे त्यांचे स्नानच होय. त्याने पिसांतील जादा तेल व उवा झडतात. त्यांना घर्मग्रंथी नसतात, म्हणून एप्रिलच्या उन्हात त्या चोच उघडी ठेवून धापा टाकतात. सावली व थंड पाणी मिळूनही धाप थांबली नाही, तर कारण निराळे आहे असे समजावे.

संध्याकाळी त्या आपण होऊन खुराड्यात परततात, कारण अंधारात त्यांना फारसे दिसत नाही. ही तपासणीची उत्तम वेळ. गळ्याशी असलेली अन्नाची पिशवी हलकेच चाचपावी. ती संध्याकाळी भरलेली व सकाळी रिकामी असली पाहिजे.

ही दक्षता कशासाठी, हे राणीखेत रोगाच्या उदाहरणावरून कळते. या रोगात श्वास लागतो, हिरवट हगवण होते व मान पिळवटते. म्हणून आपल्याकडे त्यास मानमोडी म्हणतात. त्यावर औषध नाही. लहान कळप अल्पावधीत नाहीसा होऊ शकतो. प्रतिबंधक लस हाच खरा उपाय होय. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच डोळ्यांत वा नाकपुडीत तिचे थेंब घालतात व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ती पुन्हा देतात. बंगळुरातील हेब्बाळ येथे पशूंच्या व पक्ष्यांच्या लसी तयार करणारी सरकारी संस्था आहे. परसातील संगोपनास योग्य अशी गिरिराज ही जातही हेब्बाळ येथेच विकसित झाली. जात काटक असली, तरी लस टाळून चालत नाही.

बाहेरून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवावी. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तर त्या खाऊ नयेत व उघड्यावर टाकू नयेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. बर्ड फ्लूचा विषाणू क्वचित माणसासही बाधतो. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना याच कारणाने लावावी.

रोज सकाळी व संध्याकाळी दहा मिनिटे निरीक्षण करून, वहीत अंड्यांची संख्या व वेगळे दिसलेले वर्तन टिपून ठेवावे. महिन्याभरात प्रत्येक कोंबडीची रीत ओळखीची होते, आणि मग तिच्यातील लहानसा बदलही वेळेवर ध्यानात येतो.