पाच विद्यार्थिनी आणि एक फॅशन स्कूल : मुरुडच्या अण्णांकडून काय घ्यायचं?



बुरोंडीसारख्या गावात फॅशन डिझाइनचा क्लास कोण लावणार? मासळीचा गाव, पोरी शिकायला दापोलीला जातात. क्लास काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. आज त्यावरच बोलू.

बुरोंडीहून लाडघर, कर्दे मागे टाकलं की मुरुड लागतं. महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, तिथेच वाढले. 1916 मध्ये त्यांनी हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू केलं, तेव्हा वय 58. कॉलेजच्या पहिल्या वर्गात मुली किती? पाच! सरकारची मान्यता नव्हती, म्हणजे पदवीवर नोकरीची खात्री नाही. तरी पालकांनी मुली पाठवल्या, कारण त्यांचा माणसावर भरोसा होता. अण्णांची आधीची वीस वर्षं त्याच परिसरात लोकांसमोर होती.

आता पैशांचं बघा, इथे खरी गंमत आहे. 1920 मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी जाहीर केली. त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, आपलं एसएनडीटी. पण रक्कम एकदम हातात पडली नाही. साडेतीन टक्क्यांच्या हिशोबाने वर्षाला 52,500 रुपये मिळायचे. म्हणजे मोठा आकडा पेपरात, घरखर्च मात्र व्याजावर. कर्ज किंवा अनुदान मंजूर झालं म्हणून लगेच दहा मशिन बुक करणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. कायद्याने मान्यता मिळाली 1951 साली, म्हणजे तब्बल 35 वर्षांनी.

याच विद्यापीठाचं जुहूला प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निक आहे. प्रेमलीला या सर विठ्ठलदासांच्या पत्नी. दिल्लीत निफ्ट 1986 ला आली, मुंबईत 1995 ला. अनिता डोंगरे एसएनडीटीतच फॅशन डिझाइन शिकल्या आणि बहिणीबरोबर दोन शिलाई मशिनवर धंद्याला लागल्या. गिरणीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठातून कपड्याचा धंदा करणारी बाई निघाली, मला हे फार आवडतं.

तुमच्याकडे ठाकरसी नाहीत, मान्य. मग क्लास दोन मशिनवर काढा. आधी ब्लाऊजचं कटिंग आणि फिटिंग पक्कं शिकवा, गाऊन आणि रॅम्प नंतर. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी येतात, तेव्हा विद्यार्थिनींना खऱ्या ऑर्डरी द्या; शिलाईतला वाटा त्यांना रोख मिळू दे. आणि सर्टिफिकेटला सरकारी मान्यता नसेल तर प्रवेश देतानाच ताई-माईंना तोंडावर सांगा. ऐकून दोघी परत जातील. ज्या थांबतील, त्यांची पहिली बॅच धरा, पाचच असल्या तरी.