अग्रत्वचेवरील लघुशस्त्रक्रिया

शिश्नाच्या टोकावरील सैल त्वचेला अग्रत्वचा म्हणतात. ही त्वचा घट्ट असल्यास, वारंवार सुजत असल्यास किंवा मागे जाऊन अडकल्यास तिच्यावर केल्या जाणाऱ्या छोट्या शस्त्रक्रियांना अग्रत्वचेवरील लघुशस्त्रक्रिया असे संबोधले जाते. त्वचा पूर्णपणे काढण्याच्या शस्त्रक्रियेस सुंता म्हणतात. इस्लाम व यहुदी धर्मांत सुंता धार्मिक विधी म्हणूनही केली जाते. प्रस्तुत लेख वैद्यकीय कारणांसाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांविषयी आहे.

नैसर्गिक स्थिती आणि आजार

नवजात मुलांमध्ये अग्रत्वचा शिश्नमुंडाला चिकटलेली असते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांना १९४९ साली केवळ ४ टक्के नवजात मुलांत ती पूर्णपणे मागे सरकत असल्याचे आढळले. वाढत्या वयात ती आपोआप सुटते. डेन्मार्कमधील याकोब ओस्टर यांच्या १९६८ च्या अभ्यासात १६–१७ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १ टक्का मुलांतच घट्टपणा उरला होता. त्यामुळे लहान मुलाची त्वचा मागे न जाणे हा आजार नव्हे. आंघोळीच्या वेळी ती बळजबरीने ओढल्यास चिरा पडतात, त्या भरताना व्रण तयार होतो व खरा घट्टपणा उद्भवतो. त्वचेखाली दिसणारे पांढरे मणी हे साचलेल्या पेशी असतात. तो पू नसतो.

टोकाशी पांढरा, कडक व्रण, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, लघवीची धार अडणे किंवा प्रौढांत ताठरतेच्या वेळी वेदना ही उपचाराची कारणे होत. प्रौढ वयात नव्याने घट्टपणा आल्यास रक्तातील साखर तपासली जाते, कारण मधुमेह हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. मागे गेलेली त्वचा पुढे न येता अडकून सूज आल्यास ती तातडीची अवस्था असते. रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते.

उपचारांचे प्रकार

व्रण नसल्यास प्रथम स्टेरॉइडयुक्त मलम चार ते आठ आठवडे लावले जाते. बहुतेक मुलांना त्यानेच आराम पडतो. अन्यथा पुढीलपैकी एक शस्त्रक्रिया निवडली जाते : खालचा आखूड शिश्नबंध सैल करणे, त्वचा राखून तिचे तोंड रुंद करणे, वरच्या बाजूस छेद देणे किंवा सुंता. लघवीचे छिद्र जन्मतः खालच्या बाजूस असलेल्या मुलांची सुंता टाळतात, कारण पुढील दुरुस्तीसाठी तीच त्वचा वापरावी लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी

लहान मुलांना पूर्ण भूल, तर प्रौढांना बहुधा तेवढ्याच भागापुरती भूल दिली जाते. पूर्ण भुलीपूर्वी सहा तास अन्न व दोन तास पाणी वर्ज्य असते. कुटुंबात रक्तस्राव न थांबण्याचा आजार असल्यास, तसेच रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असल्यास आधी सांगणे आवश्यक असते. विदर्भात सिकलसेल आजार तुलनेने अधिक असल्याने त्याची तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. अशा रुग्णास भुलीच्या काळात शरीरातील पाणी, ऊब व प्राणवायू कमी पडू न देण्याची काळजी घ्यावी लागते.

बरे होण्याचा काळ

शस्त्रक्रियेस साधारण अर्धा तास लागतो व रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वाधिक असते. शिश्नमुंडावर पिवळसर पांढरा पापुद्रा दिसतो. पुष्कळ पालक त्यास पू समजून घाबरतात, परंतु ते जखम भरण्याचे लक्षण असते आणि तो खरवडायचा नसतो. टाके विरघळणारे असून दोन ते तीन आठवड्यांत गळतात.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल वजनानुसार दिले जाते. मुलांना अॅस्पिरिन देत नाहीत. सैल सुती कपडे वापरावेत. हळद, राख किंवा झाडपाल्याचा लेप लावू नये. मूल साधारण आठवड्याभराने शाळेत जाऊ शकते. सायकल चालवणे व तलावात पोहणे जखम पूर्ण भरेपर्यंत टाळावे लागते. प्रौढांनी चार ते सहा आठवडे लैंगिक संबंध टाळावेत. रात्री येणाऱ्या ताठरतेमुळे टाके ताणले जातात. उठून लघवी केल्याने आराम पडतो.

धोक्याची चिन्हे

स्वच्छ कापडाने दहा मिनिटे हलका दाब देऊनही न थांबणारा रक्तस्राव, लघवी बंद होणे, ३८ अंश सेल्सियसवर ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पसरत जाणारी लाली किंवा शिश्नमुंड काळेनिळे पडणे या स्थितीत विलंब न करता रुग्णालय गाठावे. चार तासांहून अधिक टिकणारी वेदनादायक ताठरता, विशेषतः सिकलसेल रुग्णांत, हीदेखील तातडीची बाब आहे.

भंडारा जिल्ह्यातील स्थिती

साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावांतील रुग्णांसाठी साकोलीचे उपजिल्हा रुग्णालय व भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय ही जवळची शासकीय केंद्रे होत; गुंतागुंतीच्या रुग्णांस नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठविले जाते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. रात्रीच्या वेळी गावातून रुग्णालय गाठण्यास लागणारा वेळ पाहता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची माहिती घरी असणे उपयुक्त ठरते.

इतिहास

सुश्रुतसंहितेत घट्ट अग्रत्वचेस ‘निरुद्धप्रकश’ व मागे अडकलेल्या त्वचेस ‘परिवर्तिका’ अशी नावे आहेत. पहिल्या विकारावर तूप लावलेली, दोन्ही टोकांस उघडी नळी घालून दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरण्याचा उपचार तेथे सांगितला आहे. त्वचा न कापता हळूहळू सैल करण्याचे हेच तत्त्व आजच्या मलमोपचारामागेही आहे.