काचेच्या पेटीतला समुद्र

काही वर्षांपूर्वी मी हौसेने खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय केले होते. वीस लिटरांची काचेची पेटी आणि तीत केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश. पेटी ठेवली पश्चिमेच्या खिडकीत! मे महिन्यातल्या एका दुपारी पाहतो तो मासे वर येऊन धापा टाकीत होते. तापमापी ३३ अंश सेल्सिअस दाखवीत होती. मी घाबरून किलोभर बर्फ पाण्यात टाकला. संध्याकाळपर्यंत दोन्ही मासे मेले.

ते उन्हाने मेले की बर्फाने?

आधी उन्हाचे पाहू. माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर चढते-उतरते. पाणी १० अंशांनी तापले, की त्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. पण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरभर समुद्रजलात सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम ६.२. गरज वाढावी आणि नेमका तेव्हाच पुरवठा आटावा, अशी ही कोंडी!

खुल्या समुद्रात दिवस-रात्रीच्या तापमानात सहसा अंशभराचाही फरक पडत नाही, कारण पाणी अफाट असते. माझ्या पेटीत ते होते वीस लिटर. थोडे गणित करा. १०० वॉटच्या शेगडीची सगळी उष्णता वीस लिटर पाण्यात शिरली, तर ते तासाभरात चार अंशांहून अधिक तापते. दोनशे लिटर पाणी तेवढ्याच वेळात अर्धा अंशही चढत नाही. म्हणून नवशिक्याने लहान पेटी घेऊ नये. लहान पेटी सांभाळायला सोपी, हा समज अगदी उलटा आहे.

आता बर्फ. किलोभर बर्फ नुसता वितळतानाच ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. माझी पेटी काही मिनिटांत चार-पाच अंशांनी थंडावली. शिवाय बर्फ गोड्या पाण्याचा, त्यामुळे खारटपणाही उतरला. आधीच गुदमरलेल्या माशांना हे दोन धक्के सोसले नाहीत.

खरा उपाय आपल्या घरातल्या माठात आहे. माठातून पाझरलेले पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जाते. पेटीच्या पाण्यावर छोटा पंखा सोडला, की हेच घडते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. दोनशे लिटरांच्या पेटीला ती जवळजवळ तीन अंशांनी निववू शकते, तीही हळूहळू. मात्र दमट हवेत पंख्याचा जोर कमी पडतो. तेथे शीतकयंत्रच हवे.

थंडीसाठी विजेचा तापक लावतात. तो ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होतो. पण कधी त्याची कळ अडकते आणि तो तापतच राहतो. म्हणून जाणकार एका मोठ्या तापकाऐवजी दोन लहान बसवतात. एक बिघडला तरी तो एकटा पाणी फार तापवू शकत नाही.

प्रवाळ पाळायचे असतील तर आणखी जपावे लागते. नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादाच अंश जास्त तापलेले पाणी काही आठवडे टिकले, तरी प्रवाळ आपल्या अंगातली सूक्ष्म शैवाले बाहेर टाकून पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपच्या समुद्रात असेच झाले.

माझी आताची पेटी दोनशे लिटरांची आहे, खिडकीपासून दूर, वर पंखा. तापमान २५-२६ अंशांच्या आसपास राहते. वाफेबरोबर पाणी जाते, मीठ मागेच उरते. म्हणून रोज संध्याकाळी काचेवरच्या खुणेपर्यंत मी गोडेच पाणी ओततो.