वारूळ-अळिंब

वारूळ-अळिंब : (अळंबी, गो. अळमी, वंश—टर्मिटोमायसीज, कुल—लायोफायलेसी). वाळवीच्या वारुळावर किंवा तिच्या भूमिगत घरट्यावरील जमिनीत पावसाळ्यात उगवणाऱ्या खाद्य भूछत्रांचा वंश. त्याची स्थापना फ्रेंच कवकवैज्ञानिक रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये केली. प्रसार आफ्रिका व आशियाच्या उष्ण भागांत असून सह्याद्री, कोकण व गोवा येथील वनांतही ही भूछत्रे आढळतात. दक्षिण भारतातील ट. हाइमी ही जाती के. नटराजन यांनी १९७९ मध्ये वर्णिली.

ओळख : छत्र प्रथम शंकूसारखे, नंतर पसरट व पुष्कळदा कडेस फाटलेले असते. मध्यभागी उंचवटा असतो. तो माती भेदण्यास उपयोगी पडतो. छत्राखालील पातळ उभी पटले दंडापासून सुटी, प्रथम पांढरी व पक्वावस्थेत बीजुकांमुळे गुलाबीसर दिसतात. बहुतेक जातींत दंड जमिनीत मुळासारखा निमुळता होत घरट्यातील कवकबागेपर्यंत पोहोचतो (आभासी मूळ). ट. मायक्रोकार्पस या लहान जातीत ते नसते. वाळवीने बाहेर टाकलेल्या बागेच्या तुकड्यांवर ती थव्याने उगवते.

क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस हे गवताळ जागी उगवणारे भूछत्र विषारी असून त्याने वांत्या व जुलाब होतात. त्याच्या छत्रावर तपकिरी खवले असतात; पक्व पटले व बीजुके हिरवट असतात आणि आभासी मूळ नसते. कोवळेपणी मात्र त्याचीही पटले पांढरी असतात. म्हणून केवळ रंगावरून अथवा जवळ वारूळ आहे एवढ्यावरून कोणतेही भूछत्र खाद्य ठरविणे धोक्याचे असते.

निसर्गातील कार्य : कामकरी वाळव्या वाळलेली पाने, काटक्या व लाकूड खाऊन विष्ठेच्या गोळ्यांपासून स्पंजासारखी बाग रचतात. तीत वाढणारे कवक लिग्निन व सेल्युलोज यांचे अपघटन करते. बागेतील पांढऱ्या गाठी व जुना भाग वाळव्या खातात. कवकाला निवारा, ओलावा व इतर कवकांपासून संरक्षण मिळते. अशा रीतीने वनातील पालापाचोळ्यातील पोषक द्रव्ये मातीत परत जातात.

बहुतेक जातींत नवी वसाहत वसविणाऱ्या राजा-राणीबरोबर कवक जात नाही. नव्या घरट्यातील पहिल्या कामकरी वाळव्या उमललेल्या भूछत्रांची बीजुके अन्नाबरोबर गोळा करून आणतात. त्यामुळे सर्व छत्रे कळीतच खुडल्यास नव्या बागांना बीज मिळत नाही व दंड खणून काढल्यास जुनी बाग मोडते. या भूछत्रांची व्यापारी प्रमाणावर लागवड अद्याप साध्य झालेली नाही. त्यामुळे काही छत्रे उमलू देणे व वारूळ न खणणे हाच त्यांच्या संरक्षणाचा मार्ग होय.