तांबडीच्या ताटात काय वाढायचं?

रात्रीची जेवणं झाली, की तुमच्या घरी उरलेल्या भाताचं काय होतं? सकाळी फोडणीचा भात होतो, असं म्हणाल. बरोबर! पण त्यातूनही चार घास राहिले तर?

आमच्या मुरगुडात या प्रश्नाचं उत्तर सकाळी दोन पायांवर चालत दारात यायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठी हे आमचं गाव. घरामागं परडं, परड्यात खुराडं आणि खुराड्यात चार-दोन कोंबड्या. दिवस उजाडला, की आजी खुराड्याचं दार उघडायची आणि ताटातलं शिळंपाकं परड्यात टाकायची. दोन मिनिटांत जागा साफ!

त्या कोंबड्यांत एक तांबडी होती. तिच्या अंड्यांचे पैसे आजी एका डब्यात वेगळे ठेवायची. माझ्या वह्या-पेन्सिली त्याच डब्यातून यायच्या. ती तांबडी पुढं माझ्याच हातून गेली असावी. कशी, ते सांगतोच. पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. कोंबडी समोर येईल ते खाते. पण खाल्लेलं सगळंच तिला मानवतं असं नाही.

डॉक्टरांच्या कोंबड्या लंगडल्या

उरलेल्या भाताचीच एक नवलाची कथा आहे. ती घडली दूर जावा बेटावर, बटाव्हिया शहरात. आज त्या शहराला जाकार्ता म्हणतात. तेव्हा तिथं डच लोकांचं राज्य होतं. सैनिकांना आणि कैद्यांना बेरीबेरी नावाचा रोग होई. पाय लुळे पडत, माणसं दगावत. या रोगाचा जंतू शोधायच्या कामावर ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर होते. प्रयोगासाठी त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या.

१८८९ च्या सुमाराची गोष्ट. एकाएकी कोंबड्या लडखडू लागल्या. पायांत जोर राहिना. ज्यांना रोगाची सुई टोचली होती त्या आजारी, आणि ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्याही आजारी! आइकमान चक्रावले. मग काही महिन्यांनी, औषधपाणी काही नसताना, कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. आता तर कोडं आणखीच वाढलं.

चौकशी केल्यावर उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. कोंबड्यांची देखभाल करणारा माणूस लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला उरलेला भात आणून त्यांना घालत होता. पांढराशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात. पुढं तिथला आचारी बदलला. 'लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना का म्हणून?' असं म्हणून नव्या आचाऱ्यानं भात बंद केला. कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या!

आइकमान यांनी मग मुद्दाम तसंच करून पाहिलं. नुसता पांढरा भात घातला, की कोंबडी आजारी पडे. भाताबरोबर कोंडा दिला, की बरी होई. गिरणीत तांदूळ पांढरा करताना आपण जे काढून टाकतो, नेमकं तेच कोंबडीला हवं होतं. आइकमान यांना वाटलं, भातात काही विष आहे आणि कोंडा हा त्यावरचा उतारा. पण १९०१ साली त्यांचे सहकारी गेरिट ग्राइन्स यांनी सांगितलं, की भातात विष नाही. कोंड्यात शरीराला लागणारं काहीतरी आहे आणि ते न मिळाल्यानं आजार होतो. त्यालाच आपण आज 'ब-१' जीवनसत्त्व म्हणतो. १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळालं. एका कंजूष आचाऱ्याचाही त्यात थोडा वाटा आहे, नाही का?

मग उरलेला भात कोंबडीला घालायचाच नाही का? घाला की! पण थोडा, आणि त्यात मूठभर कोंडा कालवून. आपल्याकडं भाताच्या गिरणीत कोंडा मिळतो. तो ताजा घ्यावा. फार दिवसांचा झाला, की खवट होतो. परड्यात मोकळी हिंडणारी कोंबडी किडे, अळ्या, गवत टिपून आपली उणीव भरून काढते. गच्चीवरच्या पिंजऱ्यातली कोंबडी मात्र तुम्ही घालाल तेवढंच खाणार. तिला नुसत्या भातावर ठेवणं बरं नव्हे.

दात नाहीत, पण जातं आहे

कोंबडीला दात नसतात. गिळलेलं अन्न आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं. संध्याकाळी कोंबडीच्या छातीवर हात ठेवलात, तर ही भरलेली पिशवी हाताला लागेल. तिथून अन्न पेषणीत जातं. 'पोटा-कलेजी'मधला पोटा म्हणजे हीच पेषणी. कोंबडीनं टिपलेले बारीक खडे तिच्यात असतात आणि त्यांच्या साहाय्यानं दाणे भरडले जातात. पोटातलं जातंच म्हणा ना! म्हणून पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीला वाटीभर जाड वाळू किंवा बारीक खडे जरूर ठेवा.

हे खुशाल घाला

ज्वारी, बाजरी, मका, तांदळाच्या कण्या. भाकरीचे तुकडे पाण्यात भिजवून, कुस्करून. मेथी-पालक निवडताना उरलेली पानं, कोथिंबिरीचे कोवळे देठ, कोबीची वरची पानं, शेवग्याचा पाला. काकडीची, कलिंगडाची सालं, लाल भोपळ्याचा बियांसकट गाभा, पिकलेली पपई. हे सगळं बारीक चिरून घातलं, तर वाया जात नाही.

दसऱ्याला दाराला बांधलेलं झेंडूचं तोरण दुसऱ्या दिवशी कुठं जातं? फुलं सडलेली नसतील, तर पाकळ्या सुट्या करून कोंबड्यांना घाला. झेंडूतल्या रंगद्रव्यामुळं अंड्याचा बलक गडद पिवळा होतो. दोरा मात्र आठवणीनं काढून टाका. तो गिळला, तर गळ्याच्या पिशवीत गुंता होतो.

अंड्यांची टरफलंही टाकू नका. टरफल जवळजवळ सगळंच चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. एका अंड्यासाठी कोंबडीला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम खर्चावं लागतं. टरफलं तव्यावर चांगली भाजून, त्यांचा बारीक चुरा करून वेगळ्या वाटीत ठेवा. चुरा ओळखू न येण्याइतका बारीक हवा, नाहीतर कोंबडीला स्वतःचीच अंडी फोडून खायची खोड लागते!

हे कधीही नको

चिवडा, फरसाण, पापड, लोणचं यांत मीठ फार असतं. कोंबडीच्या शंभर ग्रॅम खाद्यात अर्धा ग्रॅमसुद्धा मीठ नसतं. मूठभर खाऱ्या फरसाणानंही तिचं सगळं गणित बिघडतं. घेवड्याचे, राजम्याचे कच्चे दाणे नकोत. हिरवी पडलेली बटाट्याची सालं, वापरलेली चहापूड आणि चॉकलेट हेही नको. नासकं अन्न, कच्चं मटण तर मुळीच नको.

आता कोल्हापूरकरांचा खास प्रश्न. तिखटाचं काय? गंमत अशी, की पक्ष्यांना तिखट लागतच नाही! मिरचीतला जो पदार्थ आपल्या जिभेला झोंबतो, तो त्यांना जाणवत नाही. रानात पक्षी मिरच्या मजेत खातात आणि तिच्या बिया दूरवर नेऊन टाकतात. तेव्हा आपल्या रश्श्यानं कोंबडीच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. पण त्यातलं मीठ आणि तेलाचा कट तिला बाधतो. म्हणून रश्श्यातला भात घालायचा नाही.

तांबडीचं काय झालं?

तर आता तांबडीची गोष्ट. त्या पावसाळ्यात आमच्या घरातलं भुईमुगाच्या शेंगांचं एक पोतं भिजलं. शेंगांवर हिरवट बुरशी धरली. आजी म्हणाली, "जाळून टाक रं त्या. कुणाच्या तोंडाला लागाय नगंत."

मला वाईट वाटलं. एवढ्या शेंगा जाळायच्या? मी त्या गुपचूप एका डब्यात भरल्या आणि रोज शाळेतून आल्यावर तांबडीला सोलून घालू लागलो. ती माझी लाडकी ना! दोन आठवड्यांत तिनं अंडी द्यायचं सोडलं. पिसं फुगवून कोपऱ्यात बसायची. एका सकाळी आजीनं खुराडं उघडलं, पण तांबडी बाहेर आली नाही.

डबा सापडल्यावर आजी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "लाडानं घातलंस, पर इचारून घालायचं हुतंस." तिचा संशय शेंगांवर होता. डॉक्टरांना दाखवलं नव्हतं, त्यामुळं खात्री कुणालाच देता येणार नाही.

मोठेपणी मी वाचलं, की १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून जास्त पिल्लं अशीच पटापट मेली होती. कारण कळेना, म्हणून रोगाला 'टर्की एक्स' असं नाव दिलं. शेवटी दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. तिच्यावरच्या बुरशीनं एक विष तयार केलं होतं. त्याला पुढं 'अफ्लाटॉक्सिन' म्हणू लागले. ते यकृतावर घाला घालतं, डोळ्यांना दिसत नाही आणि धुऊन किंवा भाजून पुरतं जातही नाही. टर्कीच्या मानानं कोंबडी ते थोडं जास्त सोसते, पण सोसण्यालाही सीमा असते. ते वाचताना मला तो डबा आठवला. म्हणून बुरशी आलेले दाणे, पेंड, पाव, भाकरी यांपैकी काहीही कोंबडीला नाही म्हणजे नाही. उकिरड्यावरही टाकू नका. कोंबड्या तिथंच उकरायला जातात!

किती आणि केव्हा?

मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाते. बंदिस्त कोंबडीला विकतचं खाद्य घालत असाल, तर वरचा खाऊ त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. दाणे असतील तर एक मोठा चमचाभर. तुम्ही जेवणाआधी गोळ्या-बिस्किटं खाल्लीत, की आई रागावते ना? तसंच हे!

खाऊ दुपारनंतर द्या आणि राहिलेलं अंधारापूर्वी उचला. रात्री पडून राहिलेल्या अन्नावर उंदीर-घुशी येतात आणि त्यांच्या मागं साप. पिण्याचं पाणी रोज बदला. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणानं हात धुवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लूची साथ आली होती. तेव्हा एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर त्यांना हात न लावता घरच्या मोठ्यांना सांगा. त्यांनी लगेच जनावरांच्या दवाखान्यात कळवावं.

एक छोटा प्रयोग

एक वही करा. रोज कोंबड्यांना काय घातलं, किती अंडी मिळाली, बलकाचा रंग कसा होता, हे लिहा. पहिले पंधरा दिवस नेहमीचंच खाणं द्या. पुढचे पंधरा दिवस त्यात रोज मूठभर हिरवा पाला वाढवा. आधीच्या आणि नंतरच्या बलकांचा रंग ताडून पाहा. आइकमान यांनीसुद्धा असंच घालून, बघून, लिहून ठेवलं होतं.

आणि हो, काही नवं घालायच्या आधी घरात विचारा. आमच्या आजीनं आइकमान यांचं नावही ऐकलं नव्हतं. पण ती भातात कोंडा कालवायला कधी विसरली नाही!